आचारसंहिता लागली, चिकटा निघेना

निवडणूक जाहीर झाली की सरकारी मालमत्तेवरची पुढाऱ्यांची नावं, फोटो आणि चिन्हं २४ तासांत हटवायची, असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. सार्वजनिक जागांसाठी ४८ तास, खासगी भिंतींसाठी ७२. मुदती ठरल्या, आदेश निघाले, अहवालाचे तक्ते आले. गोंदाला मात्र कुणी कळवलं नाही.

फलकांचं सोपं असतं. रद्दी, खळ आणि दोन माणसं, की फलक झाकला. उत्तर प्रदेशात २०१२ साली आयोगाने पक्षचिन्ह असलेल्या हत्तींच्या पुतळ्यांना कापड गुंडाळायला लावलं, तेही निभावलं. २०२१ मध्ये निवडणुका असलेल्या राज्यांपुरता लसीच्या प्रमाणपत्रावरचा पंतप्रधानांचा फोटो एका फिल्टरने गेला. तिथं तर कुणाला हातही ओला करावा लागला नाही. अडतं ते शाळेतल्या, ग्रामपंचायतीतल्या, तालुक्याच्या कचेरीतल्या सीपीयूच्या डब्यापाशी. त्याच्या कपाळावर ‘माननीय अमुक यांच्या स्थानिक विकास निधीतून’ असं वीतभर स्टिकर असतं, हसऱ्या फोटोसकट. पैसा लोकांचा, डबा सरकारचा, स्टिकर तेवढं साहेबांचं. त्यामुळे काटकसर नाही. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात कुणाच्याच निधीतून न झालेलं काम म्हणाल तर लोणारचं सरोवर, आणि तेसुद्धा उल्का पडली त्या काळी उद्घाटनाला कुणी हजर नव्हतं म्हणून.

२०२४ मध्ये तर खरवडीचा हंगाम दोनदा आला. १६ मार्चला लोकसभा जाहीर झाली, १५ ऑक्टोबरला विधानसभा. मधल्या काळात ज्यांनी हौसेने नवी स्टिकरं लावली, त्यांच्या हाताखालच्यांनी ती पुन्हा सोलली. शिवाय २०२२ पासून राज्यात माणूस तोच पण पक्ष दुसरा, पक्षाचं नाव तेच पण चिन्ह तिसऱ्याकडे, असा कारभार झाल्याने काही डब्यांवर स्टिकरवर स्टिकर बसलेलं आहे. कुणी धीराने एकेक थर सोलत गेला तर त्याला जिल्ह्याच्या राजकारणावर पीएचडी मिळायला हरकत नाही.

सोलायला लागलं की कागद पहिल्या झटक्यातच निघतो. पण निघतो तो वरचा पापुद्रा, म्हणजे चेहरा आणि अर्धं आडनाव. खाली पांढुरका कागद उरतो, त्याच्याखाली चिकटा. एका कचेरीतल्या शिपाईभाऊंनी परिस्थितीचा अहवाल एका ओळीत दिला : “साह्यब, नाव त निंगालं, चिक्कट काई निंगत नाई.”

याला कारण आहे. स्टिकरचा गोंद वाळून बसणारा नसतो. तो दाबाने चिकटतो, हळूहळू पसरतो आणि रंगाच्या बारीक खाचांत मुक्काम ठोकतो. वर्षं गेली की त्यातला मऊपणा जातो, राहतो तो चिवट गाळ, आणि कचेरीतली धूळ त्याच्यावर आपणहून रुजू होते. हवामानाचाही संबंध आहे. घाटाखाली, मलकापूर-नांदुऱ्याच्या एप्रिलात, चिकटा पाघळलेला असतो. बोट लावलं की तार निघते. घाटावर, बुलढाणा-चिखलीच्या थंडीत, तोच नखाला दाद देत नाही. लोकसभेचं मतदान एप्रिलात आणि विधानसभेचं नोव्हेंबरात ठेवताना आयोगाने याचा विचार केला नसावा.

मग उपाय सुरू होतात. पहिला मान ब्लेडचा. नावाबरोबर रंगही निघतो आणि पावसाळ्यात तिथे नावाच्याच मापाचा गंज चढतो. मग कुणीतरी घरून नेलपेंट रिमूव्हर आणतं. त्यातलं ॲसिटोन चिकट्याआधी डब्याचं पुढचं प्लॅस्टिक विरघळवतं. साहेबांचा चेहरा जातो, डब्याचाही जातो. करोनातल्या सॅनिटायझरच्या बाटल्या कपाटात अजून आहेत, त्यांच्यातल्या अल्कोहोलने चिकटा थोडा हलतो, पण मुदत संपलेली वस्तू वापरायला लेखी परवानगी लागते. रॉकेल नामी, पण रेशनवर ते आता दिसत नाही, आणि चालू यंत्राशेजारी ते ओतणाऱ्याला निवडणुकीच्या कामातून कायमची सूट मिळण्याचा संभव असतो.

खरा इलाज साधा खोबरेल तेलाचा आहे. आधी प्लग काढायचा. कापडाचा बोळा तेलात भिजवून चिकट्यावर अर्धा तास ठेवायचा; झरोक्यात थेंब जाऊ द्यायचा नाही. तेल गोंदात मुरतं, त्याची पकड सुटते, मग अंगठ्याने किंवा जुन्या एटीएम कार्डाने रेटलं की काळ्या वळ्या होऊन सगळं निघतं. शेवटी साबणाच्या ओलसर फडक्याने तेलकटपणा पुसायचा. खर्च चहाच्या कपाएवढा. पण कोणत्या शीर्षाखाली टाकायचा? सादिलमध्ये खोबरेल दाखवलं तर ‘कोणाच्या डोक्याला लावले?’ असा शेरा येतो, आणि कचेरीत त्याचं खरं उत्तर कुणी लिहून देत नाही.

खरं तर मुळातच सहज सुटणारा गोंदही जगात आहे. अमेरिकेत थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी १९२५ मध्ये गाड्या रंगवणाऱ्यांसाठी मास्किंग टेप काढली. काम झाल्यावर रंग न उचलता निघून यावं, हीच त्या टेपची लायकी. त्याच कंपनीच्या स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये मजबूत गोंद करता करता अगदी दुबळा गोंद सापडला, धरणारा पण हट्ट न धरणारा, आणि १९८० पासून त्याच्यावर पोस्ट-इटच्या चिठ्ठ्या अमेरिकाभर विकल्या गेल्या. निधीची स्टिकरं याच गोंदाने लावावीत, अशी माझी सूचना होती. एका कार्यकर्त्याने ती ऐकून घेतली आणि विचारलं, “म्हंजे पंख्याच्या वाऱ्यानं बी उडन?” हो म्हणालो. सूचना तिथेच संपली.

आता असं झालं आहे, की तेलाने एक डबा चकाचक निघाला. इतका, की पिवळट पडलेल्या पत्र्यावर पांढराशुभ्र चौकोन उमटला आणि कोणाचं नाव होतं ते येणारा-जाणारा आपणहून सांगू लागला. म्हणून त्या चौकोनावर ‘मतदान करा’चं स्टिकर लावलं, चांगलं दाबून. पुढे तपासणीत कळलं, की डेडस्टॉक रजिस्टरचा नंबर पेनाने निधीच्या स्टिकरवरच, कोपऱ्यात, लिहिला होता. तेव्हा रजिस्टरातला संगणक जागेवर सापडत नाही, जागेवरचा रजिस्टरात सापडत नाही, आणि कचेरीने वर दोन स्वतंत्र पत्रं पाठवली आहेत : एक संगणक गहाळ झाल्याचं, दुसरं एक जादा मिळाल्याचं.