अर्धा आशीर्वाद

पाळकाने आजारी पडू नये. पडलाच, तर सोमवारी पडावं आणि शनिवारी रात्रीपर्यंत उठून बसावं. मी पडलो तो नाताळातल्या एका घरभेटीत, करंजी हातात असताना.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "काही व्यसन?" मी ताठ मानेने नाही म्हणालो. बायको म्हणाली, "घरभेटी." आमच्या नगर जिल्ह्यात नाताळाला ख्रिस्ती घरांतून करंज्या, अनारसे, लाडू असा रीतसर फराळ होतो. पाळकाने एका घरी खाऊन शेजारच्या घरी नको म्हणणं म्हणजे मंडळीत फूट पाडणं. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८२६ साली सुवार्तेच्या दौऱ्यावर असताना पटकीने गेले. त्यांच्या मानाने माझं हौतात्म्य अगदीच तळणीतलं.

बायपास झाली. आजवर मी खाटेशेजारी उभा राहून प्रार्थना करत होतो. आता मी खाटेवर आणि मंडळी शेजारी. तेव्हा कळलं की डोळे मिटून देवाशी बोलता बोलता पाळकाला बरंच काही सुनावता येतं. "हे प्रभू, तुला ठाऊकच आहे की साहेबांची साखर दोनशेच्या वर गेली होती, तरी महिला मंडळाच्या सभेत त्यांनी बासुंदी परत मागितली." यावर 'आमेन' मलाच म्हणावं लागलं. एका काकांनी प्रार्थनेतच देवाला हॉस्पिटलचं बिल सांगितलं आणि विम्याबद्दल विचारलं.

घरी आल्यावर वेगळीच तऱ्हा. एकाने जवसाची चटणी आणली, दुसऱ्याने दुधी भोपळ्याचा रस. तिसरा नाशिकची वाइन घेऊन आला. "साहेब, पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलंय." मी म्हटलं, "माझं दुखणं छातीचं." तो म्हणाला, "रस्ता पोटातूनच जातो ना!" बाटली बायकोने ठेवून घेतली. ती कुठे ठेवली, हे मला अजून सापडलेलं नाही.

डॉक्टरांनी परत कामावर जायला परवानगी दिली ती लेखी. जड उचलायचं नाही, दोन्ही हात डोक्यावर न्यायचे नाहीत, खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरायची आणि संदेश पंधरा मिनिटांत आटोपायचा. पहिल्या तीन अटी ऐकून मंडळी हळहळली. चौथीला कुणी हळहळल्याचं मला तरी दिसलं नाही.

त्या रविवारी मी उशी घेऊन व्यासपीठावर चढलो. एक पोरगं मोठ्याने म्हणालं, "साहेब झोपायला आले!" विषय घेतला एपफ्रदीताचा. मरणाच्या दारातून परतलेल्या या भल्या माणसाला पौल परत पाठवतो आणि फिलिप्पैच्या मंडळीला सांगतो, याचं आनंदाने स्वागत करा. परतल्यावर तो किती मिनिटं बोलला, हे काही पौलाने लिहिलेलं नाही. खुद्द पौलाला घड्याळाची पर्वा नव्हतीच. त्रोवसला तो मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, युतुख नावाचा तरुण खिडकीत पेंगला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. त्याला जिवंत करून पौल पुन्हा पहाटेपर्यंत बोललाच. आम्हा पाळकांना हा उतारा फार धीर देतो. पण त्रोवसला पास्टोरेट कमिटीचे सेक्रेटरी नव्हते. आमचे पहिल्या बाकावर मोबाइलमध्ये गजर लावून बसले होते.

गजर झाला. उरलेल्या वेळात मंडळीने 'उपासना संगीत' या आमच्या गीतपुस्तकातली रेव्हरंड टिळकांची आणखी दोन पदं अशी काही म्हटली, की कौलं थरथरली. टिळक १९१९ साली गेले; आजही त्यांच्यापुढे माझा टिकाव लागत नाही.

शेवटी आशीर्वाद. हात उचलले, ते खांद्यापाशीच थांबले. दारात हस्तांदोलन करताना एक आजी म्हणाल्या, "साहेब, आज अर्धाच आला. मागच्या बाकापर्यंत पोचलाच नाही. पुढच्या रविवारी जरा वर धरा." त्यांना मी पुढे बसायला सुचवलं. त्यांना ते पटलं नाही; त्यांची जागा ठरलेली आहे.

छाती आता भरून आली आहे, हातही वर जातात. मागच्या तपासणीत डॉक्टरांनी सगळी पथ्यं उठवली. तसं मी कमिटीच्या सभेत सांगितलं. सेक्रेटरींनी अभिनंदनाचा ठराव मांडला, तो एकमताने मंजूर झाला. मग त्यांनी फाइल उघडून डॉक्टरांचा जुना कागद दाखवला आणि म्हणाले, "साहेब, नव्या कागदाचं नंतर बघू. सध्या आपण हाच धरून चालू."