उंबरठा पाळणारी पिशाच्चं

आपल्या शहरात गुलमंडीच्या बाजारपेठेत साहित्याचा निकाल फार लवकर लागतो. साडीचा पदर उलगडून बघायला जेवढा वेळ मिळतो, तेवढाही पुस्तकाला मिळत नाही. शहरात भाड्याने राहणारे व्हॅम्पायर, व्यवसाय थाटून बसलेले जादूगार, लांडग्याचं रूप घेणारे प्रियकर आणि त्यांच्यावर जीव टाकणाऱ्या मुली, असा मालमसाला असलेल्या इंग्रजी कादंबऱ्या तरुण मंडळी भराभर वाचतात, एवढं कळलं की सुपारी हनुमानापासून पैठण गेटापर्यंत कोणीही जाणकार तीन आरोप ठेवून मोकळा होतो. हे परकं आहे, हे जगण्यापासून पळणं आहे आणि यात काहीही घडतं, कशाला काही धरबंध नाही. यातला तिसरा आरोप सर्वांना इतका उघड वाटतो की त्याला पुरावा कोणी मागत नाही. नेमका तोच साफ चुकीचा आहे. या कादंबऱ्यांत नियम जितके कसोशीने पाळले जातात, तितके आपल्या शहरात फक्त लग्नाच्या मुहूर्ताचे पाळले जातात, आणि तेही वरात वेळेवर आली तरच.

या सगळ्यांचा मूळपुरुष ड्रॅक्युला. ब्रॅम स्टोकरची कादंबरी १८९७ ची. शेकडो वर्षं जगलेला, माणसांचं रक्त पिणारा हा सरदार लंडनजवळ घर घेतो ते कसं? वकिलाच्या कचेरीतला माणूस थेट ट्रान्सिल्व्हेनियाला बोलावून, कागदपत्रं करून, मोबदला चुकता करून. एका माणसाला दोन वकील ठेवता येतात का, याचीही तो आधी चौकशी करतो. गुंठेवारीत प्लॉट घ्यावा आणि पुढे कधीतरी तो नियमित होईल, असा विचार या सैतानाच्या मनात येत नाही. घरातल्या कोणी आत ये म्हटल्याशिवाय त्याला पहिल्यांदा उंबरठा ओलांडता येत नाही. वाहतं पाणी ओलांडायचं तर भरती-ओहोटीची ठरलेली वेळ पाळावी लागते. झोपायला मायदेशाची माती लागते, म्हणून ती पेट्यांत भरून, रीतसर मालवाहतुकीने पाठवावी लागते. जिम बुचरच्या ‘स्टॉर्म फ्रंट’पासून, म्हणजे २००० पासून, शिकागोत वावरणारा हॅरी ड्रेस्डेन हा जादूगार फोनच्या पुस्तकात जाहिरात देतो, पण जादूचे सात कायदे त्याच्याही मानेवर आहेत. स्वतःचा जीव वाचवण्यासाठी जादूने माणूस मारला, तरी त्याच्यावर नजर ठेवली गेली. शार्लेन हॅरिसच्या सूकी स्टॅकहाउस मालिकेत तर दिलेलं निमंत्रण मागे घेता येतं. ते मागे घेतलं, की भल्याभल्या व्हॅम्पायरला उलट्या पावली बाहेर पडावं लागतं. नोटीस नाही, स्थगिती नाही, कोणाचा फोन नाही. पदपथावर उतरलेला दुकानाचा माल आणि त्याला टेकून उभी केलेली मोटारसायकल अशी एका वाक्यात मागे जाऊ लागली, तर गुलमंडीवर लोक त्याला चमत्कार म्हणतील आणि नारळ फोडतील.

प्रेमकथेचं काय, हा प्रश्न इथे येणारच. या पुस्तकांनी मुली बिघडतात, असं म्हणणाऱ्यांचं बोट साधारणपणे ‘ट्वायलाइट’कडे असतं. स्टेफनी मेयरच्या २००५ च्या या कादंबरीतला नायक एडवर्ड दिसायला सतरा वर्षांचा, वयाने शंभरीचा. तो नायिकेच्या खोलीत तिच्या नकळत शिरतो आणि ती झोपलेली असताना तिच्याकडे बघत बसतो. हे प्रेम नव्हे, ही पाळत आहे, हा आक्षेप रास्त आहे आणि तो मान्यच करायला हवा. पण हे घडलं कशामुळे, तेही पाहावं. मेयरबाईंनी आपल्या पिशाच्चांसाठी उंबरठ्याचा जुना नियम काढून टाकला. स्टोकरचा ड्रॅक्युला कितीही दुष्ट असला, तरी त्याला आधी घरातलं कोणीतरी फितवावं लागलं असतं. एडवर्डला ती अडचण राहिली नाही, आणि नियम गेल्याबरोबर प्रियकराचा पाळतखोर झाला. म्हणजे दोष पिशाच्चाचा नाही, शिथिल केलेल्या नियमाचा आहे. त्याच कादंबरीत जिथे नियम टिकला आहे, तिथे वागणूकही टिकली आहे. लांडग्यांच्या पणजोबांच्या काळात व्हॅम्पायरांशी झालेल्या करारात हद्द ठरली, ती पुढच्या पिढ्यांनाही बांधील राहते. आपल्याकडे दोन सख्ख्या भावांमधल्या बांधाची हद्द एवढी टिकत नाही.

परकेपणाचा आरोप तर पैठण गेटाजवळ उभं राहून करणं धाडसाचं आहे. ते गेट ज्या गावाकडे तोंड करून उभं आहे, ते पैठण म्हणजे प्रतिष्ठान. कथासरित्सागरात, म्हणजे अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या ग्रंथात, वेताळाला पाठीवर घेऊन स्मशानातून चालणारा राजा त्रिविक्रमसेन हा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचाच. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये या वेताळकथा इंग्रजीत आणल्या, तेव्हा पुस्तकाच्या नावातच वेताळाचा व्हॅम्पायर करून टाकला. ड्रॅक्युला यायला अजून सत्तावीस वर्षं होती. कथासरित्सागरातलीच गुणाढ्याची आख्यायिका तर आजच्या जाणकारांनी अवश्य वाचावी. सातवाहन राजाच्या या पंडिताने पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्ताने सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. राजाने ती परत पाठवली, कारण भाषा पिशाच्चांची आणि शाई रक्ताची. गुणाढ्याने एकेक पान वाचून अग्नीत टाकलं. सहा लाख श्लोक जळाले आणि राजा शेवटी धावत आला, तेव्हा एक लाख उरले होते. भुताखेतांचं वाङ्मय न वाचता हलकं ठरवण्याची परंपरा आपल्या जिल्ह्यात एवढी जुनी आहे, तर ते वाङ्मय परकं कसं ठरेल? मराठी कादंबरीनेही १८५७ च्या ‘यमुनापर्यटन’मध्ये विधवांची दुःखं मांडली खरी, पण चारच वर्षांत हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली आणि वाचक अद्भुताच्या वाटेला लागला. पुढे नारायण धारपांचा समर्थ काळ्या शक्तींशी लढला. आपली भुतं पडक्या वाड्यांत, विहिरींत, घाटातल्या वळणांवर रमली, बाजारपेठेत क्वचितच आली, एवढाच काय तो फरक.

बाजारपेठेत ती का आली नाहीत, याचं उत्तर पळपुटेपणाच्या आरोपातच सापडतं. पाणी नाही, रस्ते नाहीत आणि तुम्ही लांडग्यांच्या गोष्टी वाचता, असं जाणकार म्हणतो. पण शहरात भूत आणायचं, तर भोवतीचं शहर आधी नियमाने चालणारं असावं लागतं. त्याशिवाय भूत वेगळं उठून दिसणार कसं? लांडगा होणारा माणूस पुष्कळ कथांत महिन्यातून एकदा, पौर्णिमेला, पंचांगाबरहुकूम रूप बदलतो. आपली पाणीपुरवठा योजना बघा. १,६८० कोटींची म्हणून २०२० च्या डिसेंबरात तिचं भूमिपूजन झालं आणि पुढे ती २,७४० कोटींची झाली. हे रूपांतर व्हायला पौर्णिमा लागली नाही, अमावस्याही लागली नाही. पन्नासेक किलोमीटरवर जायकवाडीचं धरण भरलेलं असलं, तरी नळाला पाणी किती दिवसांआड येणार, हे शेजारी विचारून घ्यावं लागतं. अशा शहरात एखादा बिचारा व्हॅम्पायर आलाच, तर त्याच्याकडे बघायला फुरसत कोणाला? त्याला फक्त एवढंच विचारतील, की बाबा, तुझ्या गल्लीत आज पाणी आलं का?

म्हणून या कादंबऱ्यांची वाचक जगण्यापासून पळत नाही. कार्य आणि कारण यांची गाठ अजून सुटलेली नाही, अशा ठिकाणी ती घटकाभर जाऊन बसते. यावर एक चतुर आक्षेप असा, की नियमांची एवढी हौस असेल तर महापालिका अधिनियम वाचावा. जरूर वाचावा. पण अधिनियमात नियम असतो आणि तो मोडल्यावर काय व्हावं, तेही असतं. प्रत्यक्षात काय होतं, ते मात्र नसतं. कादंबरीला तेच दाखवावं लागतं. शिवाय यातल्या पुष्कळ कादंबऱ्या सुमार आहेत, हेही खरं. नायिका दर वेळी जगावेगळी, नायक दर वेळी गंभीर आणि श्रीमंत, आणि तिसऱ्या भागात संपलेली गोष्ट बाराव्यापर्यंत ओढलेली. पण सुमारपणा हा काही भुतांचा मक्ता नाही. वास्तववादी कादंबऱ्यांतही तो भरपूर सापडतो, फक्त तिथे त्याला सामाजिक भान म्हणतात.

मराठीत कोणाला या प्रकारात हात घालायचाच असेल, तर ट्रान्सिल्व्हेनियाला जायचं कारण नाही. पैठणचा वेताळ शहरात आणावा. त्याची अट सोपी आहे. तो गोष्ट सांगतो आणि यात दोष कोणाचा, असं विचारतो. उत्तर माहीत असून गप्प राहाल, तर डोक्याची शकलं होतील. आता हाच वेताळ एखाद्या आढावा बैठकीत खुर्चीच्या पाठीवर बसवावा. रस्ता तीनदा कोणी खोदला, आकडा कोणी वाढवला, मुदत कोणी चुकवली, असं त्याने शांतपणे विचारावं. त्या दालनात उत्तर सर्वांना माहीत असतं आणि सर्वच जण गप्प असतात. तरी बैठकीनंतर सगळी डोकी शाबूत, चहा घेऊन, गाडीत बसून घरी जातात. वेताळाला असा अनुभव दोन हजार वर्षांत आलेला नसेल. तेव्हा जाणकारांनी या कादंबऱ्या खुशाल ‘अद्भुत’ असा शिक्का मारून वेगळ्या कपाटात ठेवाव्यात. फक्त शिक्क्याखाली कारण बरोबर लिहावं. त्यांत पिशाच्चं आहेत, हे कारण नव्हे. त्यांत नियम मोडणाऱ्याला नियमाप्रमाणे शिक्षा होते, हे कारण.