कोणी कोणाक काय म्हटल्यान

"आयकलंस मां गो? आमच्या चेडवाचा दुसरा काय अजून संपूक नाय," काकी गडग्यापलीकडून म्हणाल्या. हात आमसुलांवर, नजर माझ्यावर. दुसरा कोण, या विचारानं मी क्षणभर घाबरलेच. मग लक्षात आलं, दुसरा चॅप्टर.

काकींची नात पीएचडी करते. विषय आहे मालवण किनाऱ्यावरच्या मासळीवाल्या बायकांची बोली. प्रस्तावना लिहून झाली आहे, बाजारातली रेकॉर्डिंगं फोनमध्ये ठासून भरलेली आहेत. मधल्या मधे 'पूर्वसंशोधनाचा आढावा' नावाचं दुसरं प्रकरण ठाण मांडून बसलंय.

"कितक्या ता वाचता! बारा वाजले तरी लाईट चालू. मगे लिवणा कित्याक नाय?"

मला कारण ठाऊक होतं, कारण कच्चा मसुदा तिनं मला वाचायला दिला होता. प्रत्येक परिच्छेद एकाच साच्यातला: अमुक (१९०५) यांनी अभ्यास केला आहे. तमुक (१९६५) यांनी विवेचन केले आहे. एकाचं दुसऱ्याशी बोलणं नाही, भांडण नाही, साधी ओळखसुद्धा नाही. तिच्या गाईडबाईंनी समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'ही यादी झाली. आढावा कुठे आहे?'

पोरीची तरी काय चूक? गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं 'शोधगंगा' नावाचं प्रबंधांचं मोठं कोठार आहे, कुणालाही घरबसल्या फुकट उघडता येतं. आढावा कसा लिहायचा ते शिकायला ती तिथे गेली आणि हीच चाल घेऊन परत आली. त्यात विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्याचे नियम. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, साठाच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होऊ शकते. त्या धास्तीनं ही रात्री बसून 'म्हटले आहे' खोडते आणि 'प्रतिपादन केले आहे' घालते. टक्का उतरतो, प्रकरण तिथल्या तिथेच.

एवढ्यात नातच बाहेर आली. काकींनी फर्मावलं, "हाड हय ता कागद. वाच बघया."

तिनं वाचलं. ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात कुडाळी ऊर्फ मालवणी बोलीची नोंद घेतली आहे, वगैरे. काकींनी जांभई दिली.

"कोण हो ग्रियर्सन? तो हय इल्लो काय?"

"नाय गो आजी." आणि मग कागद बाजूला ठेवून ती सांगायला लागली. साहेब सरकारी अधिकारी. देशभरातल्या बोलींचे नमुने गोळा करायचं प्रचंड काम त्यानं अंगावर घेतलं. आपला खंड सातवा, १९०५ चा. नाव ग्रियर्सनचं, पण तो खंड तयार केला स्टेन कोनो नावाच्या नॉर्वेच्या पंडितानं. आणि गंमत म्हणजे ठिकठिकाणच्या लोकांकडून एकच गोष्ट आपापल्या बोलीत करून घेतली, बायबलातली उधळ्या मुलाची.

काकींचे हात थांबले. "उधळो झिल? आमच्या भाशेत?"

"कुडाळीत आसा."

"मगे ती गोष्ट लिवन कोणी दिल्यान?"

"नमुने सरकारी अधिकाऱ्यांमार्फत यायचे."

"म्हणजे कचेरीतली भाशा ती! गाबतीणीक कोणी इचारूक नाय."

मी नातीकडे पाहिलं, नात माझ्याकडे. नमुना कुणाचा, मिळवला कुणी, वगळलं कुणाला हे प्रश्न संशोधन पद्धतीच्या पुस्तकात वीस पानं खातात. काकींनी ते आमसुलं उलटता उलटता विचारले.

आता पोरीला रंग चढला. झ्यूल ब्लोक नावाच्या फ्रेंच माणसानं १९२० मध्ये मराठी भाषेच्या घडणीवर पुस्तक लिहिलं, परांजप्यांनी ते १९४१ मध्ये मराठीत आणलं. लगेच पुढच्या वर्षी, १९४२ मध्ये, सु. मं. कत्रे यांचं पुस्तक आलं, तेही घडणीवरच, पण कोकणीच्या. ग्रियर्सनच्या खंडात कोकणी ही मराठीची बोली आणि कुडाळी कोकणीच्या पोटात. कत्र्यांनी कोकणीला स्वतंत्र भाषा मानून तिचा वंश मांडला. मग आले अ. मा. घाटगे. त्यांनी मराठी बोलींचं सर्वेक्षण म्हणून पुस्तकांची मालाच काढली आणि तिच्यातलं पहिलं पुस्तक, १९६३ चं, चक्क दक्षिण कानड्यातल्या कोकणीवर. 'कुडाळी' आली १९६५ मध्ये.

"म्हणजे कत्रो म्हणता येगळी, घाटगो म्हणता आमचीच. भांडले आसतले मरे?"

"तसा काय माका गावूक नाय. उलट दोघांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एकाच संस्कृत कोशाचा काम केला."

"एका घरात ऱ्हवान येगयेगळी चूल," काकी समाधानानं म्हणाल्या.

मी माझी पुस्ती जोडली. १९६५ म्हणजे साधं साल नव्हे. गोवा महाराष्ट्रात जाणार की वेगळा राहणार यावर रान पेटलं होतं, जनमत कौल झाला १६ जानेवारी १९६७ ला. तेव्हा एखादी बोली कुणाची हे व्याकरणाच्या पुस्तकात लिहिलं, तरी वाचणारे ते राजकारण म्हणूनच वाचत. पुढे साहित्य अकादमीनं १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र मान्यता दिली, १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत गेली. आणि जनगणनेच्या तक्त्यात मालवणी आजही कोकणीच्या खाली मोजली जाते.

"मगे आमी कोणाचे?" काकींचा आवाज चढला. "आणि सगळे कुडाळी कुडाळी काय करतत? कुडाळ म्हणजे काय मालवण? कुडाळाक रेल्वे आसा, दर्यो खय आसा?"

नात बोलायची थांबली. दोन मोठी कामं, साठ वर्षांच्या अंतरानं झालेली, दोन्हींत नाव कुडाळचं. किनाऱ्यावर मासळीचा वाटा लावताना, दर ठरवताना बायका जे बोलतात, त्यासाठीच तर तिनं प्रबंध घेतला होता. गाईडबाई महिनोन्महिने जी 'संशोधनातली पोकळी' मागत होत्या ती अशी गडग्यावर येऊन बसली.

"हेच लिही," मी म्हटलं. "आत्ता बोललीस त्याच क्रमानं."

"असं कसं लिहायचं? घाटगे कुठे, मी कुठे?"

खरी गाठ इथे आहे, असं माझं मत झालंय. पोरांचं वाचन कमी पडत नाही. आपल्याकडे अख्ख्या वाडीचा हिशेब मांडायला कुणी कचरत नाही. सरपंचापासून भटजीपर्यंत कोण कुठे चुकला हे पारावर ठणकावून सांगतात. तेच कागद पुढे आला की हात जोडले जातात. मोठ्या माणसानं एक गोष्ट विचारली नाही, एवढं नोंदवणं म्हणजे त्याचा अपमान वाटतो. घाटग्यांनी बोलणाऱ्यांकडून नमुने घेऊन कुडाळीचं वर्णन करून ठेवलं, म्हणून तर या मुलीला 'किनाऱ्यावर काय?' असं विचारता येतंय. हे ऋण एका वाक्यात मानावं आणि दुसऱ्या वाक्यात आपला प्रश्न मांडावा.

अर्थात काकींचं सगळंच उचलायचं नाही, हेही मी तिला बजावलं. 'कचेरीतली भाशा' हा झकास तर्क आहे, पण तो तर्कच. आधी खंडात बघ, कुडाळीचा नमुना कुठून आला असं म्हटलंय, पान कुठलं. सापडलं तर लिही, नाही तर प्रश्न म्हणून ठेव. गजालीला पान क्रमांक लागत नाही, प्रकरणाला लागतो. तिनं मान डोलावली आणि फोनमध्ये टिपून घेतलं. त्या फोनवर मघापासून रेकॉर्डिंग चालू होतं, हे काकींना तेव्हा कळलं.

"माजा बोलणा घेतलंस? मगे पुस्तकात माजा नाव घालतलंस मां?"

नात चाचरली. बोली देणाऱ्यांची खरी नावं छापायची नाहीत असं ठरलंय, त्यांच्या खाजगीपणासाठी, तिनं समजावलं. "तुजा नाव नाय येवचा आजी. 'माहितीदाता क्रमांक ७' असा येतला."

"ग्रियर्सनाचा नाव, कत्र्याचा नाव, घाटग्याचा नाव," काकींनी आमसुलांचं सूप दाणकन गडग्यावर ठेवलं, "आणि मी सात नंबर?"