एपी माहात्म्य

मुलांना दहावी-बारावीच्या बोर्डाच्या कटकटीतून सोडवायचं म्हणून आम्ही अमेरिकेत राहिलो, असं आपल्यातली बरीच मंडळी सांगतात. (पगाराचा विषय तेव्हा निघत नाही.) या मंडळींची सुरुवातीची वर्षं फार अवघड गेली. मुलं शाळेतून हसत घरी यायची, गृहपाठ म्हणून बुटांच्या खोक्यात ज्वालामुखी करायची आणि बाई झाडून सगळ्यांच्या वहीत चांदणी चिकटवायच्या. शेजारच्याच्या मुलापेक्षा आपलं पुढे की मागे, हे कळायला काही मार्गच नव्हता. आईबापांनी बोलायचं तरी कशावर? मूल हायस्कूलला गेलं की ही उपासमार संपते. ती संपवणारीचं नाव ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, घरगुती नाव एपी.

हायस्कूलच्या वर्गात बसून कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा विषय शिकायचा आणि मे महिन्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्याची परीक्षा द्यायची, अशी ही सोय. गुण एक ते पाच. विषय चाळीसच्या आसपास. त्यांत लॅटिन आहे, जपानी आहे, कलेचा इतिहास आहे. एका परीक्षेची फी शंभर डॉलरच्या घरात. नाव उशिरा नोंदवलं तर चाळीस डॉलर वर, आणि नोंदवून बसलंच नाही तरी चाळीस डॉलर. हे सारं चालवणारं कॉलेज बोर्ड ही ना-नफा संस्था आहे. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण नुसत्या पावत्या बघून ते लक्षात येत नाही.

या कल्पनेचा उगम १९५० च्या दशकातला. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही विद्यापीठं आणि त्यांना मुलं पुरवणाऱ्या तीन बड्या खाजगी शाळा (त्यातली लॉरेन्सव्हिल आपल्या न्यू जर्सीतलीच) यांच्या ध्यानात आलं, की हुशार मुलं शाळेत शिकलेलंच कॉलेजात जाऊन पुन्हा शिकतात. हा वेळ वाचावा म्हणून परीक्षा निघाली. त्या काळी लोक वेळ वाचवण्याचा विचार करत, वाचलेल्या वेळात आणखी एक परीक्षा बसते हे त्यांना सुचलं नव्हतं.

आता फायदे बघू. पहिला सामाजिक. गणपतीच्या जेवणाच्या रांगेत, मसालेभाताच्या ट्रेपाशी, पूर्वी हवामान आणि ग्रीन कार्ड एवढेच विषय असत. आता असं ऐकू येतं:

"वहिनी, तुमच्या धाकटीच्या यंदा किती?"

"पाचच हो. ऑर्केस्ट्रा आहे ना तिचा."

त्या 'पाचच'मध्ये जी नम्रता आहे ती मराठी शाळेत दर रविवारी जाऊनही मुलांना येत नाही. समोरच्या बाईंच्या मुलाने सात घेतलेल्या असतात. त्या काही बोलत नाहीत, फक्त स्वतःहून आणखी एक पुरी वहिनींच्या ताटात वाढतात.

दुसरा फायदा गणिती, आणि तो कागदावर मांडून बघावा. बऱ्याच शाळांत एपीतला 'ए' पाच धरतात आणि साध्या वर्गातला चार. समजा एखाद्या मुलीची सरासरी चार पूर्णांक सहा आहे आणि तिला मातीची भांडी करायची हौस आली. तिने तो वर्ग घेतला, सुरेख सुरया केल्या, वर्गात पहिली आली, 'ए' मिळाला. सरासरी खाली! हौसेची किंमत दशांश चिन्हापुढे दोन आकड्यांपर्यंत काढून देणारी अशी व्यवस्था आपल्या बोर्डालाही कधी जमली नव्हती. आपल्याकडे बापाला हे तोंडाने सांगावं लागे आणि मुलं ऐकत नसत.

ज्ञानाच्या बाबतीत तर बोलायलाच नको. अमेरिकेच्या इतिहासाच्या पेपरात एक मोठा प्रश्न असतो. त्यात सात ऐतिहासिक कागदपत्रं देतात. ती वाचून निबंध लिहायला एक तास, पैकी पंधरा मिनिटं वाचनाला. उत्तराला सात गुण: मताचा एक, काळाची पार्श्वभूमी सांगितल्याचा एक, असे मोजून. आणि शेवटचा एक गुण विचारातल्या गुंतागुंतीचा. माणसाला इतिहासाची गुंतागुंत कळायला पूर्वी जन्म जाई, कित्येकांचा जाऊनही कळत नसे. इथे सोळा वर्षांचं पोर घड्याळ बघून शेवटच्या चार मिनिटांत "दुसऱ्या बाजूने पाहता" असा परिच्छेद टाकतं आणि गुंतागुंत झाल्याची पोच घेतं. शिकवणीवाले हा परिच्छेद आधीच बसवून घेतात. आपल्या 'अपेक्षित प्रश्नां'वर वाढलेल्या बापाला हे बघून भरून येतं.

विद्येची प्रगतीही डोळ्यांत भरण्यासारखी. याच विषयात तीन किंवा जास्त गुण मिळवणारे २०२३ मध्ये निम्म्याहून कमी होते. २०२४ मध्ये ते दहातले सात झाले. एका वर्षात एवढी मजल मारलेली पिढी खुद्द इतिहासात सापडणार नाही. कॉलेज बोर्डाने मात्र मोठ्या मनाने सगळं श्रेय गुण ठरवण्याच्या नव्या पद्धतीला दिलं.

संकटातही परीक्षेने साथ सोडली नाही. मे २०२० मध्ये सारं जग दार लावून बसलेलं असताना पेपर घरबसल्या, पंचेचाळीस मिनिटांत झाले. उत्तर कागदावर लिहायचं, फोनने फोटो काढायचा आणि वेळेत चढवायचा. नव्या आयफोनवर काढलेले फोटो ज्या स्वरूपात साठत ते संकेतस्थळाला चालत नव्हतं, त्यामुळे काही मुलांची उत्तरं फोनमध्येच राहिली. त्यांना जूनमध्ये पुन्हा बसायला सांगण्यात आलं. वर्षभराच्या अभ्यासानंतर शेवटचा धडा फाइलच्या प्रकारांवर, असा समतोल अभ्यासक्रम विरळा.

अर्थात करंटे सगळीकडे असतात. २०१८ मध्ये वॉशिंग्टनच्या आसपासच्या आठ नावाजलेल्या खाजगी शाळांनी जाहीर केलं, की आम्ही २०२२ पर्यंत एपीचे वर्ग बंद करू. मुलांना खोलात जाऊन शिकता यावं म्हणून. ज्यांच्या मुलांना नावावर प्रवेश मिळतो त्यांना खोल जाणं परवडतं. आपल्याला काठावर राहून पोहत असल्याचं दाखवणं भाग आहे.

राहता राहिला पैशांचा फायदा. तो खरा आहे, म्हणून त्यावर कुणी फारसं बोलत नाही. कित्येक सरकारी विद्यापीठं तीन गुणांवरही क्रेडिट देतात, म्हणजे कॉलेजचा तो विषय झाला असं धरतात, आणि मूल एखादं सत्र आधी, फी वाचवून पदवी घेतं. पण सरकारी विद्यापीठात जायचं म्हणून कुणी बारा एपी देत नसतं. बारा एपी देतात ते जिथे क्रेडिट मिळत नाही तिथे जाण्यासाठी. कॅलटेक एपीचं क्रेडिट देत नाही. डार्टमथनेही २०१३ मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यांचा दर्जा यावरूनच कळतो.

निरपेक्ष कर्म म्हणजे काय हे बघायचं तर बारावीच्या वर्षाची एपी बघावी. कॉलेजांचे होकार-नकार मार्चअखेर येतात. कुठे जायचं ते बहुतेकांना १ मेपर्यंत कळवावं लागतं. परीक्षा त्यानंतर आणि निकाल जुलैत. ज्याच्यासाठी परीक्षा दिली ते आधीच होऊन गेलेलं असतं, तरी पोरं मे महिन्यात पहाटेपर्यंत जागतात आणि आया हळद घातलेलं दूध घेऊन उभ्या असतात.

मग ऑगस्टअखेर पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसच्या वर्गात जमतात ती बरीच मुलं कॅल्क्युलसमध्ये पाच मिळवून आलेली. क्रेडिट मिळणारं असलं तरी सोडून दिलेलं, कारण तोच विषय पुन्हा घेतला की 'ए' नक्की, आणि मेडिकलला जायचं तर जीपीए, म्हणजे कॉलेजातली सरासरी, सांभाळायला हवा. प्राध्यापक विचारतात, "लिमिट सगळ्यांचं झालंय ना?" माना डोलतात आणि ते दोन प्रकरणं सोडून पुढे जातात. अमेरिकेतल्या जेमतेम निम्म्या हायस्कुलांत कॅल्क्युलस शिकवतात, तेव्हा उरलेल्या निम्म्यातलं एखादं मूलही त्या वर्गात असणार. त्याने मान डोलावली का, हा विषय आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून आलेला नाही. तिथे सध्या नववीतल्यांसाठी ह्यूमन जिऑग्रफी बरी की सरळ वर्ल्ड हिस्टरीलाच हात घालावा, यावर मतं मागवली आहेत.