गुत्तेदाराची उजळणी

(भोकर बसस्थानकाबाहेरची चहाची टपरी. सकाळची वेळ. नांदेडची गाडी अजून फलाटाला लागलेली नाही. बाकावर एसटीतून निवृत्त झालेले एक चालक पेपर वाचत बसलेत. कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतला गुत्तेदार पायी येतो. तो पायी आला, ही बातमी टपरीभर लगेच पसरते.)

चहावाला : मालक, आज पायी? गाडी पंक्चर झाली काय?

गुत्तेदार : गाडी ठणठणीत हाय, दारात उभी. मीच पंक्चर झालो. एक कट दे.

निवृत्त चालक : बसा की. कामून तोंड उतरलं एवढं?

गुत्तेदार : काका, तुमचा जन्म एसटीत गेला म्हणून विचारतो. माझं लायसन काढून घेतलं. भोकर फाट्याच्या अलीकडं पथक उभं होतं, ती वेगाची बंदूक घेऊन. एकशे बारा निघाला.

निवृत्त चालक : अन् हद्द?

गुत्तेदार : सत्तर. दोन लेनच्या रस्त्याला म्हणे सत्तरच. काका, एवढा गुळगुळीत रस्ता अन् सत्तर? हा रस्त्याचा अपमान हाय.

निवृत्त चालक : तुम्ही केलेला रस्ता असता तर ही वेळच आली नसती.

गुत्तेदार : हेच मी साहेबाला म्हणलं! तांड्याचा रस्ता माझा हाय, तिकडं या म्हणलं बंदूक घेऊन. चाळीसच्या वर कोणी गेला तर दंड मी भरतो. तीन वर्षांत एक अपघात नाही त्या रस्त्यावर.

चहावाला : अपघात व्हायला गाडी जावी लागती ना तिथून.

गुत्तेदार : तू चहा उकळ.

निवृत्त चालक : दंड किती झाला?

गुत्तेदार : दोन हजार. ते जागेवर टाकले. दंडाचं काय नाही हो. कॅमेऱ्याची चलनं मोबाईलवर येतच असतात. मी साठवतो अन् लोकअदालत आली की एकदम उरकतो. पण ह्या बाबानं पैसे घेतले, पावती दिली अन् लायसन ठेवून घेतलं! म्हणला, सुनावणीला या. आज अकराला हाय नांदेडात.

निवृत्त चालक : कॅमेऱ्याला गाडीचा नंबर दिसतो, माणूस दिसत नाही. पथकाला माणूस सापडतो. २०१९ ला कायदा बदलला तेव्हापासून कलम २०६ मध्ये लिहिलेलंच हाय की वेगात सापडला तर लायसन घ्या अन् पुढं पाठवा. तुमचं म्हणणं ऐकतील, नाही पटलं तर पहिल्या वेळी तीन महिने बंद. दुसऱ्यांदा सापडलात तर लायसनच रद्द.

गुत्तेदार : पण पावती हाय की माझ्याकडं. पावतीवर चालवतो तोवर.

निवृत्त चालक : तीच गंमत हाय. ती पावती नुसती लायसन घेतल्याची. तिच्यावर गाडी चालवता येत नाही, हे बी कायद्यातच लिहिलंय.

गुत्तेदार : मोबाईलात फोटो हाय लायसनचा.

निवृत्त चालक : फोटो तर माझ्याकडं बसचा बी हाय.

(चहा येतो. गुत्तेदार बशीत ओतून फुंकर मारतो.)

निवृत्त चालक : ड्रायव्हर ठेवायचा मग.

गुत्तेदार : ठेवला होता. पंधरा हजार महिना, जेवण वेगळं. चौथ्या दिवशी चावी टेबलावर ठेवली. म्हणला, मालक, गाडी मला चालवता येती, पण तुम्ही शेजारी बसून जी चालवता ती मला झेपत नाही.

चहावाला : मालकांच्या गाडीत बसलं की डाव्या बाजूच्याचे बी पाय दुखतात. ब्रेक दाबून दाबून.

गुत्तेदार : ते राहू द्या. मला सांगा, सुनावणीत काय सांगू? एक तर, गाडीत पेशंट होता असं म्हणतो.

निवृत्त चालक : कोणता दवाखाना, कोणती चिठ्ठी, विचारतील.

गुत्तेदार : ताफ्यात होतो म्हणतो. २००९ ला आपल्या मतदारसंघानं मुख्यमंत्री दिलाय राज्याला. ताफ्याची सवय असते माणसाला.

निवृत्त चालक : त्याला आता किती वर्षं झाली? अजून ताफ्यातच हाव का तुम्ही?

गुत्तेदार : मग बंदूकच खराब होती म्हणतो.

निवृत्त चालक : ते म्हणता येतं. मग तुमचा वेग किती होता ते तुम्ही सांगा, असं विचारतील. किती सांगाल?

गुत्तेदार : (विचार करून) शंभर.

निवृत्त चालक : झालं. तीन महिने.

गुत्तेदार : तीन महिने मी कसेबसे काढीन हो. साइटवर मुनीम जाईल, मी बिलाच्या मागं नांदेडला बसनं जाईन. पण ह्यांनी पुढं शेपूट लावलंय. म्हणे तीन महिने सरले तरी लायसन हातात मिळत नाही. आधी ड्रायव्हिंगचा वर्ग करा. रिफ्रेशर का काय! काका, मी आठवीत असताना ट्रॅक्टर चालवला हाय. मला कोण शिकवणार?

निवृत्त चालक : आठवीत. म्हणजे सुरुवातच बिनलायसनची.

गुत्तेदार : मी ठरवू लालो की करावा का न करावा. घरी विचारलं, भागीदाराला विचारलं, काल कीर्तनाला गेलो तर महाराजांना बी विचारलं.

निवृत्त चालक : यात ठरवायचं काय हाय? कलम १९ सरळ सांगतं. वर्ग पूर्ण केला तरच लायसन परत. मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बसायचं, कागद आणायचा, लायसन घ्यायचं.

गुत्तेदार : माझ्या साडूचा पोरगा इंग्लंडला हाय. तोबी असाच सापडला. त्याला सरकारनं घरी पत्र पाठवलं, एकदम अदबीनं. शंभर पौंड दंड अन् लायसनवर तीन पॉइंट घेता, का त्याऐवजी वर्गाला बसता? तुमची मर्जी! बघा, तिथं माणसाला विचारतात.

निवृत्त चालक : मग?

गुत्तेदार : त्यानं वर्ग घेतला. घरातच कॉम्प्युटरसमोर बसला अडीच-पावणेतीन तास. परीक्षा नाही, काही नाही. मला सुचलं, आपण बी असंच करू. लॅपटॉप लावायचा, समोर भाच्याला बसवायचं.

निवृत्त चालक : कॅमेरा चालू ठेवायला लावतात त्यात. भाच्याला तुमच्या मिशा कुठून लावणार? अन् दंडाऐवजी वर्ग एकदाच मिळतो तिथं. तीन वर्षांच्या आत परत सापडला तर पॉइंट घ्यायचे.

गुत्तेदार : तीन वर्षं! आपल्या माणसाला तीन आठवडे दम निघत नाही.

निवृत्त चालक : इंग्रजाला निवड दिली, त्यानं एका दिवसात ठरवलं. तुम्हाला निवड दिलीच नाही, तरी तुम्ही महिनाभर ठरवू लालाव.

गुत्तेदार : निवड हाय की. (आवाज खाली आणून) एक एजंट हाय. म्हणतो, तुम्ही नुसतं आधार पाठवा, वर्गाचं मी बघतो. हजेरी लागंल, प्रमाणपत्र घरपोच.

निवृत्त चालक : म्हणजे जागेवर न जाता एमबी, कामाच्या मापाची वही, लिहायची.

गुत्तेदार : (दुखावून) काका, असं बोलू नका. काम न करता मी आजवर एक बिल उचललं नाही. कमी केलं असंल.

चहावाला : मालक, तुम्ही दोन तासांचा वर्ग एक तास करा. म्हणजे तुमच्या हिशेबानं काम पूर्ण.

(टपरीवर हशा. गुत्तेदारही हसतो, पण उशिरा.)

गुत्तेदार : वर्गानं फरक काय पडतो ते सांगा मला. माझा भागीदार २०२३ ला समृद्धी महामार्गावर सापडला होता. तेव्हा तिथं वेग मोडणाऱ्याला बाजूला घेऊन समुपदेशन करायचे. तासभर बसवलं त्याला. विचारलं, काय शिकलास? म्हणला, खुर्च्या चांगल्या होत्या. अन् वाया गेलेला तास भरून काढायला पुढं एकशे चाळीसनं गेला.

निवृत्त चालक : त्याच वर्षी १ जुलैला सिंदखेडराजाजवळ बस जळाली समृद्धीवर. पंचवीस माणसं गेली.

(क्षणभर कोणी बोलत नाही. चहावाला स्टोव्हला पंप मारतो.)

गुत्तेदार : निबंध लिहायला लावतात का हो? २०२४ ला पुण्यात गाडीनं दोघांना उडवणाऱ्या त्या पोराला लावला होता, तीनशे शब्द. मराठीत मी पस्तीसवर निघालोय.

निवृत्त चालक : त्या निबंधाचं नाव काढू नका. दोघं जिवानिशी गेली होती तिथं. तीनशे शब्दांत मावतं का ते? सगळ्या देशानं बोंब मारली म्हणून तो आदेश फिरला. तुम्हाला निबंध नाही. निशाण्या, नियम अन् गाडी हाताळणं.

गुत्तेदार : निशाण्या मला येतात. शाळेची, वळणाची, पुढं काम चालू हाय.

निवृत्त चालक : शेवटची तर तुम्ही काम संपल्यावर बी काढत नाही.

गुत्तेदार : काका, तुम्ही माझ्या बाजूनं का त्यांच्या?

निवृत्त चालक : आता ऐका. मी नोकरीला लागून सात-आठ वर्षं झाली होती. किनवटकडून येताना म्हैस आडवी आली. म्हैस वाचली, बसचा पत्रा चेपला. चूक म्हशीची, असं मी आजबी म्हणतो. पण साहेबानं मला उजळणी प्रशिक्षणाला धाडलं. मला लई राग आला. रोज तीनशे किलोमीटर हाकणाऱ्याला शिकवणार कोण? तिथं एक म्हातारा मास्तर होता. त्यानं फळ्यावर काही लिहिलंच नाही. म्हणला, जा, बसमध्ये मागच्या बाकावर बस. एकदम शेवटचं, चाकाच्या मागचं. अन् माझ्याच जोडीच्या एका ड्रायव्हरला स्टेअरिंग दिलं. म्हणला, रोज चालवतोस तशी चालव.

गुत्तेदार : मग?

निवृत्त चालक : पहिल्या गतिरोधकाला मी वर उडालो, डोकं टपाला. दुसऱ्याला शेजारच्या प्रशिक्षणार्थ्याचा डबा माझ्या मांडीवर. वळणाला बाकावरून सरकत पार खिडकीला. त्यानं ब्रेक मारला तर समोरच्या दांडीवर दात आपटला, हा बघा, अजून अर्धाच हाय. अर्ध्या तासानं मास्तर मागं आला. म्हणला, सात-आठ वर्षांत इथं कधी बसला होतास का? मी म्हणलं, नाही. तो म्हणला, भाजीची पाटी घेऊन म्हातारी इथंच बसती, पुढं जागा मिळत नाही तिला. बस. झाला वर्ग.

चहावाला : मग दातावर काही नुकसानभरपाई?

निवृत्त चालक : (दुर्लक्ष करून) मालक, एकशे बाराला गाडी एका सेकंदात एकतीस मीटर जाते. एकापुढं एक तीन एसट्या उभ्या केल्यावर भरतं तेवढं. बैल दिसला, 'अरे' म्हणेपर्यंत तीन एसट्या संपल्या. मग तुमचा पाय ब्रेकवर जाणार. अन् ब्रेक दाबल्यावर थांबायला सत्तरच्या अडीचपट जागा लागती. अर्धापूरकडं केळीच्या गाड्या कडेला लागलेल्या असतात, ट्रॅक्टरला मागं दिवा नसतो. सोयाबीनच्या दिवसात तर विचारू नका.

गुत्तेदार : ट्रॅक्टरवाल्यांना द्या की वर्ग.

निवृत्त चालक : द्यायलाच पाहिजे. तुम्ही आधी, ते नंतर. २०२२ ला देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली शंभरातली सत्तरच्या वर वेगापायी. सरकारचाच आकडा हाय.

गुत्तेदार : सरकारी आकडे मी जवळून बघितलेत, काका. एमबीत काय काय लिहितात ते मला विचारा.

निवृत्त चालक : एमबीत खडी जास्त लिहितात. मेलेला माणूस कोणी जास्त लिहीत नाही.

(गुत्तेदार कप खाली ठेवतो. खिशातून नोटिशीचा कागद काढतो, वाचतो, घडी घालतो.)

गुत्तेदार : समजा नाहीच केला वर्ग. लायसन राहू दिलं तिथंच. मी आपला गाव ते साइट, साइट ते गाव, कच्च्या रस्त्यानं.

निवृत्त चालक : बंदीच्या काळात चालवताना सापडलात तर दहा हजार दंड, नाहीतर तीन महिने आत, नाहीतर दोन्ही. अन् कुणाला धडकलात तर विमा कंपनी पहिला प्रश्न लायसनचा करील. भरपाई तुमच्या खिशातून काढायला बघतील. तुमचं मशीन जाईल, रोलर जाईल.

गुत्तेदार : रोलर बी?

निवृत्त चालक : रोलर बी.

गुत्तेदार : (बराच वेळ गप्प राहून) वर्ग कधी असतो? रविवारी जमंल का? टेंडर उघडायच्या दिवशी नको.

चहावाला : आली, आली! नांदेडची आली, मालक. पळा.

(गाडी फलाटाला लागते. झुंबड. गुत्तेदार इस्त्री सांभाळत आत शिरतो. निवृत्त चालक खिडकीखाली येऊन उभे राहतात.)

वाहक : नांदेड, अर्धापूर! पुढं सरका, दारात थांबू नका.

गुत्तेदार : पुढं एखादी सीट?

वाहक : मागचं बाक रिकामं हाय. तेवढंच.

गुत्तेदार : (मागं जाण्याऐवजी पुढं, चालकाच्या केबिनजवळ) भाऊ, अकराची तारीख हाय नांदेडात. आधीच उशीर झाला. भोकर फाट्यापर्यंत जरा दाबा की.

गाडीचा चालक : कसली तारीख?

गुत्तेदार : हाय एक. लायसनची.

निवृत्त चालक : (खालून, मोठ्यानं) कशात गेलं ते बी सांगा की त्यांना!

गाडीचा चालक : कशात गेलं?

गुत्तेदार : तुम्ही... तुमच्या हिशेबानं चालवा. सावकाश येऊ द्या.

वाहक : नांदेड एक फुल ना? हे घ्या तिकीट. मागं बसा, मालक, अन् समोरची दांडी दोन्ही हातांनी धरा. (दोनदा घंटी मारतो.)