सावेडीपर्यंत पोच

जर्मनीतलं आखेन जिथे संपतं, तिथे नेदरलँड्स सुरू होतं. मध्ये नाका नाही, आडवा बांबू नाही, टोलसुद्धा नाही. आखेनची सिटी बस सरळ पलीकडच्या फाल्स गावात जाते. तिथे एक टेकाड आहे आणि जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स हे तीन देश त्याच्या माथ्यावर एका खांबापाशी भेटतात. उंची ३२२ मीटर. युरोपातल्या नेदरलँड्सचं हे सर्वांत उंच ठिकाण! आमच्या चिरंजीवांनी तिथून फोटो पाठवला. त्यांच्या मातोश्री अकोल्याच्या, १६४६ मीटरची कळसूबाई बघत वाढलेल्या. त्यांनी फोटो बोटांनी मोठा करून करून पाहिला आणि विचारलं, "डोंगर कुठंय?"

तर अशी ही हद्द. माणसाला दिसत नाही, विम्याला मात्र बरोबर दिसते.

चिरंजीव आखेनला शिकले, तिथेच नोकरीला लागले आणि आता त्यांना आइंडहोवनला चांगली नोकरी मिळाली. गाडीने दीड तासाच्या आतली वाट. आमच्याकडे आष्टी-पाटोद्याचे पेशंट बीड जिल्ह्याची हद्द ओलांडून रोज नगरच्या दवाखान्यात येतात, २०२२पासून तर आष्टीहून रेल्वेही आहे. म्हणून मी म्हटलं, "विम्याचं कार्ड आहेच की तुझ्याकडे. त्याच्या मागच्या बाजूला 'युरोपियन' असं छापलेलंही आहे."

"बाबा, ते फिरायला गेलं तर चालतं. राहायला गेलं की नाही चालत."

जर्मनीत त्याच्या पगाराच्या १४.६ टक्के आणि वर थोडी जादा वर्गणी विम्याला जायची, निम्मी मालकाची, निम्मी त्याची. त्यातच सूनबाईंचाही विमा यायचा, कारण त्या कमावत नाहीत. ही पद्धत बिस्मार्कने १८८३ साली सुरू केली, असं चिरंजीव मला मोठ्या अभिमानाने सांगत होते, जणू बिस्मार्क आमच्या भावकीतला. मीही सोडतो की काय! म्हटलं, "आपल्या जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० साली आले, आणि ज्या बायकांना सही करता येत नव्हती त्यांच्या हातात गावाचं आरोग्य दिलं. ते बघायला जगभरातून डॉक्टर आले. बिस्मार्क आला होता का बघायला?" यावर पलीकडून फक्त "नेटवर्क जातंय" एवढंच ऐकू आलं.

नेदरलँड्समध्ये कारभार वेगळा. तिथे प्रत्येक सज्ञान माणसाची स्वतंत्र पॉलिसी. महिन्याला माणशी दीडशे युरोच्या आसपास, शिवाय वर्षातला पहिला ३८५ युरोंपर्यंतचा खर्च आपल्याच खिशातून. फॅमिली डॉक्टरकडे जाणं तेवढं त्यातून वगळलेलं. अठरा वर्षांखालच्या पोरांना हप्ता नाही, पण सूनबाईंना आहे. मातोश्री म्हणाल्या, "व्याह्यांना कळू देऊ नका. तिकडं फुकट होती आणि इकडं पैसे पडतात म्हटल्यावर त्यांना वाटेल, आपण त्यांच्या पोरीचा हिशोब लावत बसलोय."

त्यांची खरी काळजी दुसरीच होती. तिथला डॉक्टर म्हणे तापाला पॅरासिटामॉल देतो आणि 'आठवड्याने बघू' म्हणतो. नगरमध्ये असा डॉक्टर सहा महिने टिकायचा नाही. आमच्याकडे सुई टोचली नाही तर पेशंट फी देताना नाराज होतो, आणि सलाईन लावली की चार पाहुणे भेटायला येतात. "साधी सलाईनसुद्धा नाही?" त्यांनी विचारलं, आणि दीडशे युरोंचे रुपये किती होतात ते पुन्हा एकदा हिशोब करून पाहिलं.

आता कागदपत्रं. आखेनच्या नगरपालिकेत जाऊन 'मी गाव सोडतोय' असं लिहून द्यायचं आणि तो दाखला जुन्या विमावाल्यांना पाठवायचा. नाही पाठवला तर त्यांची वर्गणी चालूच. मग नव्या गावात घर दाखवून नाव लावायचं, तेव्हा एक नंबर मिळतो, आणि तो नंबर घेऊन नवा विमा. त्याला चार महिन्यांची मुदत, पण हप्ता लागतो पहिल्या दिवसापासूनचा. हे सगळं मी शेजारच्या निवृत्त तलाठीसाहेबांना सांगितलं. ते ऐकता ऐकता खुर्चीत ताठ झाले. "अहो, हा तर फेरफार! जुन्या गावी नाव कमी, नव्या गावी नोंद, उतारा हातात, मग सोसायटी दारात उभी करते." नोकरी सोडल्यापासून इतका उल्हास त्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिला नव्हता.

मध्येच चिरंजीवांनी दुसरा बेत काढला. राहायचं आखेनलाच आणि नोकरीला रोज ये-जा करायची. तर कळलं, विमा जिथे काम तिथला, झोपायला कुठेही जा. मात्र घरी बसून पाव हिस्सा किंवा जास्त काम केलं की विमा पुन्हा राहत्या देशाचा. आता २०२३च्या कराराने निम्म्याच्या आतपर्यंत सवलत आहे, पण अर्ज करून. म्हणजे पावसाला कंटाळून माणूस दोन दिवस लॅपटॉप घेऊन घरी बसला, तर त्याने आधी देशांचा विचार करायचा. "कसेल त्याची जमीन," तलाठीसाहेब म्हणाले आणि त्यांनी कूळ कायदा समजावायला घेतला. चिरंजीवांनी तो बेत त्याच दिवशी सोडून दिला. कूळ कायद्यामुळे की अर्जामुळे, ते मी विचारलं नाही.

इकडे आम्ही दोघंही नातवाला भेटायला जायच्या तयारीत होतो. ह्या सगळ्यात आमचा दोघांचा विमा किती सोपा! व्हिसाला किमान ३० हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं आणि ते शेंगेनच्या सगळ्या, म्हणजे २९ देशांत चालावं लागतं. जो तिथे राबतो, कर भरतो, त्याचा कागद दीड तासाच्या वाटेवर बाद. आणि जे नुसते नातवाला खेळवायला चाललेत, त्यांना एका पॉलिसीत २९ देश मोकळे. पाहुण्याला पंचपक्वान्नं आणि घरच्याला 'तुझं तू वाढून घे', ही रीत मला वाटत होतं फक्त आमच्याच घरात आहे.

आमचे विमा एजंट संध्याकाळी बॅग आणि कॅलेंडर घेऊन आमच्या सावेडीच्या घरी आले. पहिली अडचण गावाची. पासपोर्टवर अहमदनगर, आणि २०२४च्या नामांतरानंतर आधारवर अहिल्यानगर. "दोन्ही लिहितो," एजंट म्हणाले, "वेळेला कुठलं तरी जुळेल." मग आजार. मला बीपी, हिला शुगर. "ह्या पॉलिसीत आधीचे आजार धरत नाहीत काका. तुम्हाला काहीतरी नवीन व्हायला पाहिजे."

त्यानंतर हिने चष्मा लावून स्वतः पॉलिसी वाचायला घेतली. एका कलमावर बोट थांबलं. परदेशात मृत्यू आल्यास पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च. एजंटनी घाईने सांगितलं, की व्हिसाला ते कलम लागतंच, मनावर घेऊ नका.

"मनावर नाही घेत. आणणार कुठपर्यंत ते सांगा. मुंबईपर्यंत का सावेडीपर्यंत?"

एजंटनी ऑफिसला फोन लावला. ऑफिसने होल्डवर टाकलं. तेवढ्यात चहा झाला, चिवडा झाला. शेवटी ऑफिसने सांगितलं, की मागून कळवतो.

"आणि ह्याचे कागद कोणी करायचे? मी तर नसणार."

"काका करतील ना, काकू."

हिने माझ्याकडे पाहिलं. लाइटबिल मोबाइलवरून कसं भरायचं हे मी त्याच दिवशी सकाळी तिला विचारलं होतं.

"संपर्काच्या रकान्यात तलाठीसाहेबांचा नंबर घाला," ती एजंटना म्हणाली.