पावणेदोन पौंडांत लंडन

हीथ्रोवर इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यानं मला दोनच प्रश्न विचारले. बाहेर कठड्याला टेकून उभे असलेले काका मात्र तयारीनं आले होते. बॅगा किती किलोच्या? विमानात दोन्ही वेळा जेवलास ना? पासपोर्ट आतल्या खिशात ठेवलास का? आणि शेवटी, आवाज खाली आणून, ‘पेढे नाही ना आणलेस?’

साताऱ्याहून निघताना आजीनं कंदी पेढ्यांचा पुडा बॅगेत पुन्हा पुन्हा घातला होता आणि बाबांनी तो पुन्हा पुन्हा काढला होता. भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणता येत नाहीत, असं काकांनीच फोनवर बजावलं होतं. ‘नाही आणले’ म्हटल्यावर काका ‘शाब्बास’ म्हणाले, पण चेहरा मात्र पडला.

मी टॅक्सीच्या पाटीकडे पाहिलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. काका आयुष्यभर हिशेब तपासनीस होते. निवृत्त झाले ते नोकरीतून, हिशेबातून नव्हे. ‘एसएल नाइन,’ ते म्हणाले. ही लाल बस हीथ्रोवरून थेट हॅरोला जाते, भाडं तेव्हा पावणेदोन पौंड होतं. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे चालतच नाहीत, कार्ड टेकवायचं आणि आत जायचं. ‘सुट्टे द्या’ हे वाक्य ज्याच्या आयुष्यात नाही, त्या ड्रायव्हरला करमतं कसं कोण जाणे! काकांनी त्यांचा साठीचा पास टेकवला. म्हणजे स्वतः ते फुकट. पण त्या फुकट प्रवाशाला माझ्या पावणेदोन पौंडांची जी काळजी होती, ती मला माझ्या सगळ्या फीचीही नव्हती.

‘आता पहिलं कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदल, जादा पैसे नाहीत. हॉपर म्हणतात. आणि तासाच्या आत फक्त *चढायचं* असतं. उतरण्यावर बंधन नाही.’ हे शेवटचं वाक्य काकांनी अशा समाधानानं उच्चारलं, की घटनेतली ही फट पहिल्यांदा त्यांनाच सापडली असावी.

मी एम.एस्सी.ला आलो होतो. एका वर्षाचा अभ्यासक्रम, आणि खोली मिळेपर्यंत काकांकडे मुक्काम. इंग्लंडशी जमवून घ्यायला वेळ लागेल, असं सगळे म्हणत होते. इंग्लंडचं काही विशेष नाही. रांगेत उभं राहिलं, ‘सॉरी’ म्हटलं, पाऊस आला तरी चेहरा तसाच ठेवला, की झालं. जमवून घ्यावं लागतं ते हॅरोमधल्या काकांच्या घराशी. त्या घराचा कायदा वेगळा आहे, आणि त्यात अपील नाही.

पहिलं कलम थर्मोस्टॅट. तो भिंतीवर, काकांच्या खुर्चीच्या बरोबर समोर. तापमान अठरा. ‘काका, थोडं वाढवू का?’ या प्रश्नाला उत्तर नव्हतं, स्वेटर होता. काकू दुपारी गुपचूप वीसवर नेते. पण बॉयलर सुरू झाल्याचा भुस्स आवाज काकांना वरच्या मजल्यावर झोपेतही कळतो. मग जिन्यात चपला वाजतात आणि काकू मटार सोलत असते, सकाळपासून जागची हललेलीच नाही अशा चेहऱ्यानं.

न्हाणीघरात बादली नव्हती. टब होता, दिव्याला बटणाऐवजी छतातून लोंबणारी दोरी होती, आणि बेसिनला दोन नळ, एकातून बर्फ, दुसऱ्यातून भाजेल असं पाणी. कोमट पाणी हवं असेल त्यानं हात वेगानं इकडून तिकडे न्यावेत. यामागे कारण आहे, आणि ते काकांनी मला दाराबाहेर उभं राहून सांगितलं, मी आत असताना. जुन्या घरांत थंड पाणी थेट नळयोजनेचं, पिण्याचं. गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून येणारं. उघड्या टाकीत काय पडलं असेल सांगता येत नाही, म्हणून दोन्ही पाणी एकत्र होऊ द्यायचं नाही. कारण पटलं, हात भाजला तो भाजलाच. टबाच्या कोपऱ्यात काकूनं गावाहून आणलेलं निळं प्लॅस्टिकचं टमरेल होतं. त्या घरात मला ओळखीचं वाटलेलं पहिलं तोंड तेच.

पण घराचा खरा सोहळा म्हणजे फोडणी. तेल तापलं की काकू स्वयंपाकघरातून ओरडते, ‘मोहरी!’ त्यासरशी चुलत बहीण, जी इथंच जन्मली आणि एरवी हाक मारल्यावर सावकाश उठते, धावत येऊन खुंट्यांवरचे सगळे कोट कवेत घेऊन वर पळते. काका बैठकीचं दार लावतात. मागची खिडकी उघडते, बाहेर पाच अंश असले तरी. माझ्या हाती टॉवेल देऊन मला पॅसेजमधल्या धुराच्या अलार्मखाली उभं केलं होतं. मोहरी तडतडली, हिंग पडला, कढीपत्ता पडला, चर्रर्र झालं, आणि मी टॉवेल गरागरा फिरवत होतो. अलार्म वाजला नाही. ‘जमतंय तुला,’ काकू म्हणाली. दहावीनंतर इतकं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं.

‘पण कोट का?’ मी बहिणीला विचारलं.

‘दादा, ट्यूबमध्ये तू बटाट्याच्या भाजीचा वास घेऊन एकदा बसून बघ. शेजारची सीट रिकामी मिळते.’ मग थोडा विचार करून, ‘बाबांना ती आयडिया आवडते.’

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. त्या दिवशी काका पहाटेपासून खुशीत होते. भिंतीवरचं, ओव्हनचं, बॉयलरचं, गाडीतलं, एकेक घड्याळ ते स्वतः मागे करत फिरले. सरकारनं एक अख्खा तास फुकट दिला होता! मार्चमध्ये तो परत घेतात, हा विषय त्या दिवशी काढायचा नसतो.

त्याच आनंदात त्यांनी मला लंडन दाखवायचं ठरवलं. बकिंगहॅम पॅलेस नाही, बिग बेन नाही. हॅरोच्या टेकडीवरची शाळा तर चालता चालताच दाखवून झाली होती. चर्चिल आणि नेहरू दोघंही तिथलेच विद्यार्थी. ‘लंडनमध्ये तीन दहा नंबर आहेत,’ काका म्हणाले. ‘त्यातले दोन आपले. ते बघू. डाउनिंग स्ट्रीटचा टीव्हीवर दिसतो.’

बेत मिनिटांचा होता. मेट्रोपॉलिटन लाइननं फिंचली रोड, तिथून बस, पहिला दहा नंबर पस्तीस मिनिटांत उरकायचा आणि तासाच्या आत दुसऱ्या बसमध्ये चढायचं. पहिला म्हणजे १०, किंग हेन्रीज रोड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर या घरात राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं आणि आता तिथं संग्रहालय आहे. आजूबाजूला श्रीमंत, गप्प घरं, आणि त्यांच्यामध्ये हे एक, जिथं दारातच एक आजोबा नागपुरी मराठीत नातवाला चपला नीट ठेवायला सांगत होते.

लंडनमधल्याच अभ्यासातून आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, तो १९२३ मध्ये पुस्तकरूपानं आला. माझाही तेव्हा रुपयाचाच प्रश्न चालू होता. पौंडाला शंभरावर रुपये. साडेतीन पौंडांची कॉफी समोर आली की मला कपात साताऱ्यातल्या चार मिसळी तरंगताना दिसत. बहीण म्हणायची, ‘दादा, कन्व्हर्ट करणं सोड.’ इथं निदान या विषयात डोकं घालणारा मोठा माणूस आपल्याआधी राहून गेला, एवढा धीर आला.

मी घड्याळ पाहिलं. पस्तीस मिनिटं होऊन गेली होती. काका एका भिंतीसमोर चष्मा कपाळावर सारून मजकूर वाचत होते, ओळ न् ओळ, हिशेब तपासतात तसा. ‘काका, हॉपर,’ मी म्हणालो. त्यांनी हातानंच ‘थांब’ केलं. दुसऱ्यांदा म्हणालो तेव्हा तेही केलं नाही.

दुसरा दहा नंबर हाउली प्लेसचा, मेडा व्हेलमधला. चिरोल या पत्रकारावर भरलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी आले तेव्हा, १९१८-१९ मध्ये, लोकमान्य टिळक इथं राहिले. भिंतीवर निळी गोल पाटी आहे, आत कुणी तरी राहतं, त्यामुळे फुटपाथवरूनच पाहायचं. ‘खटला हरले,’ काका म्हणाले, ‘आणि खर्च काय झाला असेल!’ त्या खर्चाची हळहळ त्यांना शंभर वर्षांनंतरही आवरत नव्हती.

घरी आल्यावर काकूनं विचारलं, ‘कसं झालं?’

‘छान,’ काका कोट काढत म्हणाले. ‘ह्याचे दुसरे पावणेदोन पौंड गेले.’

‘ह्याच्यामुळे?’

काकांनी उत्तर दिलं नाही. जेवणं झाली, भांडी झाली, आम्ही झोपायला वर गेलो. सकाळी उठून पाहिलं तर थर्मोस्टॅट सतरावर होता.